एकच सिलिंडर बंद पडतो तेव्हा : जुन्या मोटरसायकलींविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या गाड्यांबाबत आहे, म्हणून तिन्ही एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. पण त्यातली तपासणीची पद्धत ज्यांच्याकडे जुनी दोन सिलिंडरांची गाडी आहे अशा कोणालाही उपयोगी पडेल.

प्रश्न : वडिलांनी १९८६ साली घेतलेली राजदूत ३५० मी अजून वापरतो. इग्निशन (प्लगला ठिणगी पुरवणारी यंत्रणा) मूळचेच, पॉइंटचे (ठरावीक क्षणी उघडणाऱ्या यांत्रिक स्विचचे) आहे. सकाळी दोन-तीन किकमध्ये गाडी सुरू होते आणि दोन्ही सिलिंडर व्यवस्थित चालतात. परंतु शिरवळहून साताऱ्याकडे निघालो की थोड्याच वेळात डावा सिलिंडर मिस मारू लागतो आणि खंबाटकीच्या चढावर पूर्ण बंद पडतो. अर्धा तास थांबले की तो पुन्हा आपोआप चालू होतो. बंद पडल्यावर लगेच डावा प्लग काढला तर तो पेट्रोलने ओला असतो, मात्र बाहेर हेडला टेकवून किक मारली की ठिणगी दिसते. फिटरने कार्ब्युरेटर तीनदा खोलून साफ केला, दोन्ही प्लग नवे घातले, शेवटी डाव्या सिलिंडरला रिंगाही नव्या टाकल्या. आता तो म्हणतो की क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचे) काम करावे लागेल. इंजिन खोलण्यापूर्वी काय पाहावे?
– एक वाचक, शिरवळ

उत्तर : इंजिन खोलू नये, निदान इतक्यात तरी नाही. आपल्या पत्रात निदानाला लागणारे बहुतेक पुरावे आलेलेच आहेत, फक्त ते एका ओळीत मांडून पाहण्याचे राहिले आहे.

डावा प्लग ओला निघतो याचा अर्थ त्या सिलिंडरला पेट्रोल पोहोचते आहे, म्हणजे कार्ब्युरेटर तूर्त बाजूला ठेवता येतो. अर्ध्या तासाने दोष आपोआप नाहीसा होतो. झिजलेली रिंग अर्ध्या तासात बरी होत नाही, त्यामुळे रिंगांचा खर्च बहुधा वाया गेला. उरते ते थंड असताना काम करणारे, तापल्यावर दगा देणारे आणि थांबले की पुन्हा सावरणारे काही तरी. मोटरसायकलच्या इंजिनात असे वागणारे दोन प्रमुख संशयित असतात, इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी लागणारे उच्च व्होल्टेज तयार करणारे वेटोळे) आणि कंडेन्सर (पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडू न देणारा भाग). कॉइलमधल्या बारीक तारेच्या वेटोळ्यांवरचे जुने इन्सुलेशन उष्णतेने फुगते, कुठे तरी वेढे आतल्या आत जोडले जातात किंवा तार तुटलेल्या जागी टोके एकमेकांपासून दूर होतात; निवल्यावर सारे पुन्हा पूर्ववत होते. कंडेन्सरही तापल्यावर आतून करंट गळू देतो आणि थंड झाल्यावर अगदी साळसूद वाटतो.

आता त्या ठिणगीविषयी, कारण आपल्या फिटरची दिशाभूल तिनेच केली असावी. मोकळ्या हवेत प्लगच्या फटीतून ठिणगी उडवणे हे कॉइलसाठी सोपे काम आहे. सिलिंडरमध्ये मात्र पिस्टन वर येताना मिश्रण दाबले जाते आणि दाब जितका जास्त तितके तीच फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागते. स्लोवर किंवा सपाट रस्त्यावर थ्रॉटल थोडा उघडा असतो, आत मिश्रण कमी येते, दाब कमी राहतो आणि अर्धवट निकामी कॉइलही वेळ मारून नेते. चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला की दाब वाढतो आणि ती नेमकी तिथे हार मानते. म्हणून बाहेर ठिणगी दिसली, सबब इग्निशन ठीक आहे, हा निष्कर्ष काढता येत नाही. खरी परीक्षा घ्यायची असेल तर वायरचे टोक हेडपासून सुमारे ६ ते ७ मिलिमीटर अंतरावर धरून एवढी उडी निळी, कडक ठिणगी घेते का ते पाहावे. वायर हातात न धरता लाकडी चिमट्यात किंवा रबरी नळीच्या तुकड्यात धरावी, आणि सिलिंडरचे भोक रिकामे न ठेवता त्यात एक जादा प्लग बसवावा. भोकातून बाहेर फेकली जाणारी पेट्रोलची वाफ आणि शेजारी उडणारी ठिणगी यांची गाठ पडू देऊ नये.

एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८३ साली आणलेल्या या ३४७ सीसीच्या गाडीची एक सोय अशी की तिच्यात जवळजवळ सगळे जोडीने आहे : दोन पॉइंट, दोन कंडेन्सर, दोन कॉइल, दोन कार्ब्युरेटर. (सुरुवातीची ३०.५ अश्वशक्तीची एचटी असो की पेट्रोल वाचावे म्हणून नंतर काढलेली २७ अश्वशक्तीची एलटी, यात फरक नाही.) दोन सिलिंडर म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेली दोन स्वतंत्र इंजिने, क्रँक तेवढा सामायिक. त्यामुळे आजाऱ्याशी तुलना करायला त्याच गाडीत एक निरोगी नमुना कायम हजर असतो. डावीकडचा एकेक भाग उजवीकडे न्यावा, उजवीकडचा डावीकडे आणावा, गाडी दोष येईपर्यंत चालवावी आणि दोष भागाबरोबर उजवीकडे गेला की डावीकडेच राहिला ते पाहावे. अट एकच, एका वेळी एकच अदलाबदल. नवे भाग विकत घेऊन एकदम बसवले तर दोष गेला तरी तो कशामुळे होता ते कळत नाही, आणि नवा भागच सदोष निघाला तर गोंधळ दुप्पट होतो. बाजारात मिळणारे कंडेन्सर डबीतूनच नादुरुस्त निघण्याचे प्रमाण, माझ्या अनुभवात, चिंता वाटावी इतके आहे.

सुरुवात प्लगपासून करावी, जरी ते नवे असले तरी. दोष डावीकडेच राहिला तर प्लगच्या टोप्या बदलून पाहाव्यात. रेझिस्टरच्या टोपीचा रोध साधारण ५ हजार ओहम असतो आणि आतला स्क्रू गंजला की तो कितीही वर जाऊ शकतो. वायरचे टोक टोपीत ज्या ठिकाणी बसते तिथे तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या असतील तर अर्धा इंच वायर कापून टोपी पुन्हा फिरवून बसवावी. मी स्वतः एका पावसाळ्यात सहा आठवडे कार्ब्युरेटरचे जेट उपसत बसलो होतो आणि शेवटी त्या टोपीतून चमचाभर पाणी निघाले, हे कबूल करायला आजही जिवावर येते.

त्यानंतर कॉइलची अदलाबदल. त्यासाठी कॉइल जागेवरून काढावी लागत नाही. टाकी उतरवली की दोन्ही दिसतात. पॉइंटकडून येणाऱ्या दोन बारीक वायर एकमेकींच्या जागी जोडाव्यात आणि त्याच वेळी प्लगच्या जाड वायरही एकमेकींच्या जागी लावाव्यात. म्हणजे डावा पॉइंट आता उजव्या कॉइलला चालवील आणि ती कॉइल डाव्या प्लगला ठिणगी देईल. दोन्ही टोके बदलणे विसरू नये. या इंजिनाचे दोन पिस्टन एकमेकांशी १८० अंशांवर आहेत, एक वर असतो तेव्हा दुसरा तळाशी. एकच टोक बदलले तर पिस्टन तळाशी असताना ठिणगी पडेल, गाडी सुरू होणार नाही किंवा सायलेन्सरमध्ये बार काढील, आणि नसलेल्या दोषाचा शोध सुरू होईल. अशी जोडणी करून पुन्हा घाट चढावा. उजवा सिलिंडर बंद पडला तर डावी कॉइल किंवा तिची वायर दोषी, यात शंका उरत नाही. डावाच बंद पडला तर दोन्ही कॉइल निर्दोष सुटल्या.

अशा वेळी पॉइंटचे झाकण काढून डावा पॉइंट उघडून पाहावा. निरोगी पॉइंटच्या चकत्या राखाडी, किंचित मळकट असतात. कंडेन्सर दुबळा झाला की पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडते, चकत्या निळसर-काळ्या पडतात, एकीवर खड्डा तर दुसरीवर त्याच आकाराचा उंचवटा तयार होतो. अंधार पडल्यावर झाकण काढून इंजिन स्लोवर चालवले तर दोन्ही पॉइंटवरच्या ठिणग्यांची तुलना डोळ्यांनीच करता येते : उजवीकडे टाचणीच्या टोकाएवढा मंद ठिपका आणि डावीकडे वेल्डिंगसारखा निळा चटका असेल तर वेगळे निदान करण्याची गरज नाही. दुसरा चांगला कंडेन्सर त्या वायरला आणि बॉडीला तात्पुरता जोडून पाहता येतो, मात्र जुन्याची वायर सोडवल्याशिवाय नव्हे, कारण गळका कंडेन्सर तसाच जोडलेला राहिला तर शेजारी चांगला असूनही करंट त्याच्यातून गळतच राहतो. चकत्या बारीक कानशीने सपाट कराव्यात, नंतर कोऱ्या पोस्टकार्डाची पट्टी पेट्रोलमध्ये भिजवून त्यांच्यामधून ओढावी, आणि पट्टी स्वच्छ निघेपर्यंत ओढत राहावी. तेलाचा अदृश्य पापुद्राही करंट अडवतो. फट फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) सुमारे ०.३५ मिलिमीटर ठेवावी. फट बदलली की टायमिंग (ठिणगी पडण्याचा क्षण) बदलते, म्हणून आधी फट आणि मग टायमिंग हा क्रम पाळावा, आणि टायमिंग प्रत्येक सिलिंडरचे वेगळे, प्लगच्या भोकात डायल गेज लावूनच बघावे. डोळ्यांच्या अंदाजावर ठेवलेल्या टायमिंगने या इंजिनाचे पिस्टन भाजतात.

दोष कधी उजवीकडे, कधी डावीकडे असा फिरत असेल, तर दोन्ही कॉइलना मिळणारा पुरवठाच कमी आहे का ते पाहावे. बॅटरीवर आणि किल्ली चालू करून पॉइंट मिटलेला असताना कॉइलच्या पुरवठ्याच्या वायरवर मल्टिमीटर लावावा. दोहोंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर किल्लीच्या स्विचमधले किंवा हँडलवरच्या स्विचमधले चाळीस वर्षांचे जुने संपर्क साफ करण्याची वेळ झाली आहे. पुरवठा कमी झाला की दोन कॉइलपैकी जी अधिक म्हातारी ती आधी बसते आणि सारा दोष त्या बिचाऱ्या बाजूच्या माथी येतो.

इतके करूनही डावा सिलिंडरच बंद पडत राहिला, तरच इंजिनाकडे वळावे. आणि तिथेही आधी न खोलता. दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, गेजने दोन्ही बाजूंचे कॉम्प्रेशन मोजावे. आकड्यापेक्षा दोहोंतला फरक महत्त्वाचा. तो दहा टक्क्यांच्या आत असेल तर पिस्टन-रिंगांना दोष देऊ नये. रीड व्हॉल्व्हचा (मिश्रण आत घेणाऱ्या आणि मागे फिरू न देणाऱ्या पात्यांचा) ठोकळा काढून सूर्याकडे धरावा, पाती नीट बसत असतील तर उजेड झिरपत नाही, आणि पातीचे टोक तुटलेले दिसले तर तो तुकडा कुठे गेला हा पुढचा, अधिक काळजीचा प्रश्न.

क्रँकच्या दोन टोकांची सीले (तेल आणि हवा अडवणारी कडी) मात्र डावी आणि उजवी एकसारखी वागत नाहीत. उजवीकडे क्लच आहे, तिथले सील गेले की इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढते, उजव्या सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही आणि तेलाची पातळी खाली जात राहते. डावीकडे अल्टरनेटर आणि पॉइंट आहेत. तिथले सील गेले की इंजिन हवा ओढते, मिश्रण पातळ होते, थ्रॉटल सोडला तरी इंजिनाची गती लवकर खाली येत नाही, आणि प्लग पांढरट, कोरडा निघतो. आपला प्लग ओला निघतो, म्हणून डावे सील माझ्या संशयाच्या यादीत अगदी खाली आहे. क्रँकच्या कामाचा सल्ला मी यासाठीच नाकारला. तरीही पुढे कधी कोरडा, पांढरा प्लग आणि उतरायला तयार नसलेली गती ही दोन लक्षणे एकत्र दिसली, तर गाडी चालवून पाहत बसू नये. पातळ मिश्रणावर पिस्टन जाम व्हायला एक लांब चढ पुरतो.

प्रश्न : आमच्या घरी म्हैसूरला तयार झालेली जुनी जावा २५० आहे. तिचा एक सायलेन्सर चांगलाच तापतो आणि दुसरा त्या मानाने थंड राहतो. दुसरा सिलिंडर बंद आहे असे समजावे का? शिवाय स्लोवर गाडी एक आड एक ठोका सोडल्यासारखी वाजते.
– एक वाचक, सांगली

उत्तर : बंद पडायला तिला दुसरा सिलिंडरच नाही. जावा २५० ही एकाच सिलिंडरची गाडी आहे. त्या एका सिलिंडरला धूर बाहेर टाकण्याची दोन तोंडे आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र बेंड पाइप व सायलेन्सर आहे. दोन सायलेन्सर पाहून फसलेले आपण पहिले नाही. (येझदीची दोन सिलिंडरांची ३५० ट्विन ही वेगळी गाडी.) एक बाजू थंड राहते याचा अर्थ बहुधा त्या बाजूच्या सायलेन्सरमध्ये कार्बन साचून वाट अरुंद झाली आहे आणि धूर दुसऱ्या मोकळ्या वाटेने जातो आहे. मागच्या टोकाचा स्क्रू काढला की आतली नळी बाहेर ओढता येते. ती खरवडून साफ करावी. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवण्याची पद्धतही चालते, पण हातमोजे व चष्मा घालूनच, आणि अॅल्युमिनियमचा कोणताही भाग त्या पाण्याजवळ जाऊ देऊ नये, तो विरघळू लागतो.

एक आड एक ठोका हा बहुतेक जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचा स्वभाव आहे. स्लोवर सिलिंडरमध्ये जळलेला धूर इतका उरतो की एका फेरीचे मिश्रण पेटत नाही आणि पुढच्या फेरीला पेटते. थ्रॉटल थोडा उघडल्यावर ठोके एकसंध झाले तर तो दोष समजू नये. भाराखालीही तसेच वाजत राहिले तर मिश्रण दाट आहे; चोक अर्धवट उघडा राहिला आहे का, एअर फिल्टर तुंबला आहे का आणि फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो बुडतो का, एवढे पाहावे. फ्लोट कानाजवळ धरून हलवला की आत पेट्रोल असेल तर डुचमळल्याचा आवाज येतो.

प्रश्न : इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर मी १९५६ची बीएसए ए१० गोल्डन फ्लॅश घेतली. उजवा सिलिंडर अधूनमधून मिस मारतो. आपल्या स्तंभात पूर्वी आलेल्या सल्ल्याप्रमाणे डावीकडचे भाग उजवीकडे नेऊन पाहायचे ठरवले, पण या गाडीला कार्ब्युरेटरही एक आणि पॉइंटही एकच. मग अदलाबदल कशाची करायची?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : आपल्या गाडीत जे एकेकटे आहे ते या तक्रारीतून जवळजवळ आपोआप निर्दोष सुटते, हे लक्षात घेतले की काम सोपे होते. कार्ब्युरेटर एक आहे, त्यामुळे त्याचा दोष सहसा दोन्ही सिलिंडरांना भोगावा लागतो. पॉइंट, कंडेन्सर आणि मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) आर्मेचरवरचे, म्हणजे फिरत्या भागावरचे, वेटोळेही दोघांना सामायिक आहेत; ते बिघडले तर दोन्ही बाजू मिस मारतील. एकाच बाजूला त्रास असेल तर वाटा जिथे वेगळ्या होतात तिथून पुढचे भाग तपासावेत.

लुकासच्या के२एफ मॅग्नेटोमध्ये ही फारकत दोन ठिकाणी होते. पहिले ठिकाण स्लिप रिंग (आर्मेचरबरोबर फिरणारी, वीज बाहेर देणारी कडी) आणि तिच्यावर टेकणारे दोन कार्बन ब्रश, ज्यांतून प्रत्येक प्लगला वेगळी वायर जाते. इंजिन बंद असताना उजव्या बाजूचे पिकअप (ब्रश धरणारा भाग) काढून ब्रश स्प्रिंगवर मोकळा हलतो का, तो झिजून आखूड झाला आहे का, आणि पिकअपच्या बेकेलाइटवर केसासारखी काळी रेघ उमटली आहे का ते पाहावे. ती रेघ म्हणजे करंटने स्वतःसाठी पाडलेली पायवाट असते आणि असे पिकअप पुसून सुधारत नाही, ते बदलावेच लागते. नंतर पेन्सिलीला पेट्रोलमध्ये ओलसर केलेले सुती फडके गुंडाळून ती पिकअपच्या भोकातून स्लिप रिंगवर टेकवावी आणि दुसऱ्या कोणाला किक हळूहळू फिरवायला सांगावी. वर्षानुवर्षांची ब्रशची काळी भुकटी फडक्यावर येते. दोन्ही पिकअप आणि वायर यांची अदलाबदल मात्र आपल्याला करता येईल, आणि ती राजदूतच्याच नियमाने करावी, ठिणगी ज्या सिलिंडरची आहे त्यालाच मिळेल अशी.

दुसरे ठिकाण पॉइंटभोवतीची कॅम रिंग. तिच्यावर दोन उंचवटे आहेत, एकेका सिलिंडरसाठी एकेक. एक झिजला किंवा रिंगेखाली घाण बसून ती तिरकी झाली, तर पॉइंट एका उंचवट्यावर ०.३० मिलिमीटर उघडतो आणि दुसऱ्यावर त्याहून बराच कमी. फिलर गेज एकाच उंचवट्यावर लावून समाधान मानणारे बरेच जण असतात, दोन्हींवर मोजावे. फरक आढळला तर रिंग बाहेर काढून तिची बसण्याची जागा पुसून पुन्हा बसवावी आणि मगच झिजेचा विचार करावा.

हे फोर-स्ट्रोक इंजिन असल्यामुळे उजव्या बाजूचे टॅपेटही (व्हॉल्व्हच्या फटी) थंड इंजिनावर एकदा मोजावेत. एग्झॉस्ट व्हॉल्व्हला फट उरलेली नसेल तर तो तापल्यावर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि त्याच बाजूला ठोका चुकतो. ही तपासणी दहा मिनिटांची आहे, त्यामुळे मॅग्नेटो हाती घेण्याच्या आधी उरकली तरी चालेल.